बॉम्ब चक्रीवादळ

समशीतोष्ण कटिबंधातील ज्या वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब चोवीस तासांत एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घसरतो, त्याला हवामानशास्त्रात ‘बॉम्ब’ म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याचे ‘बॉम्ब चक्रीवादळ’ झाले. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये ‘वेदर बॉम्ब’ हा शब्द चालतो. वादळ असे झपाट्याने खोलावण्याच्या, म्हणजे त्याच्या केंद्रातला दाब उतरत जाण्याच्या, क्रियेला ‘बॉम्बोजेनेसिस’ म्हणतात. बॉम्ब आणि सायक्लोजेनेसिस, म्हणजे चक्रवाताची उत्पत्ती, हे दोन शब्द जोडून तो तयार झाला आहे. या संज्ञेत मोजला जातो तो दाब घसरण्याचा वेग. वारा किती, पाऊस किती, नुकसान किती, यातले काहीच तिच्यातून थेट कळत नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ही संज्ञा शास्त्रात रुजली. स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टॉर बर्जेरॉन यांच्या नावावर सांगितला जाणारा एक ठोकताळा त्यांनी आधाराला घेतला: चोवीस तास दर तासाला किमान १ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक, म्हणजेच १ मिलिबार) दाब उतरला, तर वादळ झपाट्याने वाढते आहे असे समजावे. बर्जेरॉन नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काम करत आणि बर्गन साधारण ६० अक्षांशावर आहे. म्हणून २४ तासांत २४ हेक्टोपास्कल ही मर्यादा ६० अंशांसाठी धरली गेली. विषुववृत्ताकडे यावे तशी ती सूत्राने कमी होते: ४५ अंशांवर सुमारे २० आणि ३० अंशांवर सुमारे १४ हेक्टोपास्कल. या मापाला ‘बर्जेरॉन’ हेच नाव मिळाले. एक बर्जेरॉन किंवा त्याहून जास्त घसरण झाली, तर ते वादळ बॉम्ब ठरते.

२४ हेक्टोपास्कल म्हणजे नेमके किती, याचा अंदाज आपल्याकडच्या घाटात घेता येतो. खोपोलीहून खंडाळ्याला गाडी चढते तेव्हा अर्ध्या तासात हवेचा दाब पन्नासेक हेक्टोपास्कलने उतरतो आणि कान दडे बसल्यासारखे होतात. बॉम्ब वादळात एका दिवसात होणाऱ्या किमान घसरणीच्या हे दुप्पट झाले. तरी खंडाळ्याला वादळ उठत नाही, कारण उंचीमुळे होणारी घट हवेच्या वजनाने तोललेली असते. वादळातली घसरण समुद्रसपाटीवर होते. काही शे किलोमीटरवर दाब जास्त आणि मध्यभागी एकदम कमी, अशी आडवी तफावत पडते. नकाशावर समदाब रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसू लागतात आणि वारा त्या तफावतीच्या जोराने सुटतो.

दाब एवढ्या वेगाने उतरतो कसा? ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार, दमट हवा समोरासमोर येतात, त्या सीमेवर आवर्त तयार होतो. वर आठ-दहा किलोमीटरवर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहत असतो. त्याच्या एखाद्या वळणाखाली हा आवर्त सापडला की वरून हवा उपसली जाते. खालून जितकी हवा आत येते, त्याहून जास्त वरून बाहेर जाते आणि केंद्रातला हवेचा स्तंभ हलका होतो. बाष्पाचे ढग होताना सुटणारी उष्णता ही गती आणखी वाढवते. म्हणूनच बॉम्ब मुख्यतः हिवाळ्यात आणि समुद्रावर होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा गल्फ स्ट्रीम आणि जपानजवळचा कुरोशिओ हे उबदार प्रवाह, हीच त्यांची ठळक जन्मस्थाने.

सप्टेंबर १९७८ मध्ये उत्तर अटलांटिकात ‘क्वीन एलिझाबेथ २’ या प्रवासी जहाजाला अशाच एका वादळाने झोडपले. त्याच्या केंद्रातला दाब चोवीस तासांत जवळपास ६० हेक्टोपास्कलने उतरला होता आणि त्या काळच्या संगणकीय अंदाजांना त्याची चाहूलही लागली नव्हती. माझ्या मते या संज्ञेचे खरे मोल इथे आहे. ज्या वादळांपुढे अंदाज कोलमडत होते, त्यांना वेगळे काढून अभ्यासण्याची सोय तिने केली. जानेवारी १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ‘ब्रेअर’ वादळाचा दाब तर ९१४ हेक्टोपास्कलपर्यंत खाली गेला.

सामान्य लोकांच्या तोंडी हा शब्द आला तो मुख्यतः जानेवारी २०१८ मध्ये. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हिमवादळाचा दाब एका दिवसात ५० हेक्टोपास्कलहून जास्त घसरला आणि बॉस्टनच्या बंदरात भरतीचे पाणी १९७८ चा उच्चांक ओलांडून रस्त्यांवर आले. त्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोनवरून हा शब्द पुण्या-मुंबईच्या घरांतही पोहोचला. जपानमध्ये ‘बाकुदान तेइकिआत्सु’, म्हणजे ‘बॉम्ब कमी दाब’, असा शब्द वापरात आहे. तिथली हवामान संस्था मात्र तो टाळते आणि ‘वेगाने विकसित होणारे कमी दाबाचे क्षेत्र’ असे म्हणते. मराठी बातम्यांनीही हाच मार्ग धरावा असे मला वाटते. शब्द लांबतो खरा, पण वाचणाऱ्याला कळते आणि उगाच धडकी भरत नाही.

अरबी समुद्रातल्या किंवा बंगालच्या उपसागरातल्या वादळांना ही संज्ञा लावू नये. मुंबईच्या अक्षांशावर वरचे सूत्र लावले, तर दिवसाला फक्त ९ हेक्टोपास्कलची घसरण पुरेल आणि जोर धरणारे जवळपास प्रत्येक चक्रीवादळ बॉम्ब ठरेल. शिवाय या वादळांची घडणच वेगळी आहे. थंड-उष्ण हवेच्या संघर्षाऐवजी ती समुद्राच्या उष्णतेवर पोसली जातात, आणि समशीतोष्ण वादळाला मदत करणारे वरचे जोरदार वारे त्यांना बहुधा मोडून काढतात. त्यांच्यासाठी ‘वेगाने तीव्र होणे’ अशी संज्ञा आहे आणि तिचे माप वाऱ्याचे: २४ तासांत वाऱ्याच्या वेगात किमान ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरची वाढ. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आदळण्यापूर्वी ‘ओटिस’ चक्रीवादळाने ही मर्यादा तिपटीहून जास्त ओलांडली. मे २०२१ मधले ‘तौक्ते’ही अशाच झपाट्याने तीव्र झाले. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.