मोरीखालचा उंबरठा

चैत्र-वैशाखात सोलापूर जिल्ह्यातला एखादा ओढा पाहिला, तर यात मासे असतील असे कुणाला वाटणार नाही. तापलेले खडक, वेड्या बाभळी, भेगाळलेला काळा गाळ आणि एखाद्या वळणावर खडकाच्या आडोशाला गुडघाभर पाण्याचा हिरवट डोह. महामार्गाच्या कामाला हेच महिने सोयीचे. पोकलेन पात्रात उतरते, मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेचा, पाया खणला जातो, आणि पाणी हवे म्हणून टँकरचा पाइप त्याच डोहात पडतो. ओढा तर कोरडाच होता, असे नंतर सगळे म्हणतात. पण वर-खालचे पाणी आटत गेले तसतसे जगलेवाचलेले मासे त्या डोहात येऊन थांबलेले असतात. मृगाचा पहिला लोंढा आला की हेच मासे वर चढतात आणि अंडी घालतात. डोह उपसला म्हणजे पुढच्या वर्षाचे बियाणेच गेले.

हनुवटीखालच्या चकतीने खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या, खड्यांच्या फटीत राहणारे बोटभर मुरे, मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे, खेकडे, शिंपले, चिखलात पुरून घेतलेली कासवे आणि बेडूक, एवढा संसार या ओढ्यांत असतो. विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक माशांना त्याने इथल्या बोलीतली नावेच दिली. मळ्याचे शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ आहे. भीमेच्या खोऱ्यातले लोक ज्या नावाने मासा ओळखत, ते नाव जगभरच्या ग्रंथांत गेले. त्या माशाचा रस्ता आपण पाइप टाकून बंद करू नये.

कामाची आखणी डोहापासून सुरू व्हावी. जानेवारीत, पाणी थोडेफार वाहते असतानाच, मोरीच्या जागेच्या वर आणि खाली निदान अर्धा-अर्धा किलोमीटर पात्र चालून प्रत्येक डोह नकाशावर घ्यावा आणि खोली मोजावी. बांधकामाचे पाणी यातून घ्यायचे नाही, हे टँकरवाल्याला त्याच वेळी सांगावे. पायाच्या जागेवरच डोह असेल तर मासे हलवण्याला पर्याय नाही, आणि ते काम घाईचे नाही.

आधी डोहाच्या दोन्ही टोकांना ४ ते ६ मि.मी. छिद्रांची जाळी तळापर्यंत दगडांनी दाबून लावावी. पंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पाण्यात टाकला की बारीक मासे आत ओढले जातात. २०० लिटरच्या पिंपाला चहूबाजूंनी भोके पाडून, वर २ मि.मी.ची जाळी गुंडाळून फूटव्हॉल्व्ह त्यात ठेवावा. सेकंदाला १० लिटर उपसणाऱ्या पंपासाठी भोकांचे एकूण क्षेत्र किमान ०.१७ चौरस मीटर हवे. मग पाण्याची ओढ सेकंदाला ६ सें.मी.च्या आसपास राहते आणि बोटभर पिल्लूही जाळीला चिकटून मरत नाही. पाणी एका दमात उपसू नये. थोडे उतरवावे, जाळे ओढावे, पुन्हा उतरवावे. शेवटच्या वीतभर पाण्यात मुरे आणि खेकडे दगडाखाली असतात, तेव्हा दगड हाताने उलटून पाहावेच लागतात. हे काम गावातल्या भोई-कोळ्यांइतके नीट कुणाला जमत नाही. त्यांना मजुरी देऊन बोलवावे.

वेळ पहाटेची. पाणी २० अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३० अंशांवर साडेसात. त्यातच उपसताना ढवळलेला गाळ उरलेला प्राणवायू खातो. दुपारी बादलीत भरलेला मळ्या काही मिनिटांत उलटा होतो. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ती तगते. मरळ जिवंत आहे म्हणून बाकीचे ठीक आहेत असे समजू नये. मरळ आणि शिंगाडा वेगळ्या टाकीत ठेवावेत, नाहीतर बारीक मासे वाटेतच फस्त होतात. टाकी सावलीत असावी आणि तिच्यात बॅटरीवरचा हवापंप चालू असावा. सोडताना दोन्ही पाण्यांच्या तापमानात २-३ अंशांहून जास्त फरक नसावा. नव्या डोहाचे पाणी टाकीत हळूहळू मिसळत पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मासे त्याच ओढ्यातल्या दुसऱ्या डोहात सोडावेत, भलत्याच तलावात नाही. चिलापी किंवा विदेशी मांगूर सापडला तर तो परत पाण्यात सोडायचा नाही. कासवांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ती दिसली की वनविभागाला कळवावे. १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक.

भीमा आणि सीनेच्या पात्रात वेगळीच अडचण येते. मार्चमध्ये कोरडी दिसणारी भीमा, उजनी धरणातून खालच्या औज बंधाऱ्यासाठी पाणी सुटले की भरून वाहते. सीनेतही जोडकालव्याने उजनीचे पाणी येते. आवर्तनाचे वेळापत्रक पाटबंधारे खात्याकडून न घेता कामाची जागा कोरडी ठेवणारा मातीचा आडबांध घातला, तर तो एका रात्रीत वाहून जातो आणि सगळी माती खालच्या डोहांत बसते. आडबांध धुतलेल्या वाळूच्या पोत्यांचा असावा, आतून प्लास्टिक अंथरलेला. पाणी वळवायचा चर खालच्या टोकाकडून वर खणत न्यावा आणि वरचे तोंड सगळ्यांत शेवटी फोडावे, म्हणजे खणताना पाणी गढूळ होत नाही.

गाळाचे गणित मात्र फार थोड्या कामांवर केले जाते. उपसलेले गढूळ पाणी खड्ड्यात साठवायचे, गाळ बसला की ओढ्यात सोडायचे, अशी पद्धत आहे. मुरुमाच्या कणांना ती लागू पडते. ०.०२ मि.मी.चा कण स्थिर पाण्यात सेकंदाला ०.३६ मि.मी. खाली जातो, म्हणजे मीटरभर बसायला पाऊण तास. सेकंदाला १० लिटरच्या पंपासाठी २८ चौरस मीटरचा खड्डा हिशेबाने पुरतो. प्रत्यक्षात दुप्पट करावा. पण आपली काळी माती चिकणमातीची आहे. तिचा ०.००२ मि.मी.चा कण मीटरभर बसायला तीन दिवसांहून जास्त घेतो, आणि त्याच पंपासाठी जवळपास २,८०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराला थोडाच कमी खड्डा लागेल. तो कुणी खणत नाही. म्हणून काळ्या मातीचे पाणी ओढ्याकडे न्यायचेच नाही. मालकाच्या संमतीने गवताळ पडीक रानात पसरून जिरवावे. तुरटी ओढ्यात टाकून पाणी नितळ करण्याचा मोह टाळावा, कारण पाण्यात उतरणारे अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक असते.

एवढी काळजी कशासाठी, तर गाळाने मासा लगेच मरताना दिसत नाही. गाळ खड्यांच्या फटी भरून टाकतो. तिथली अंडी गुदमरतात, मुऱ्यांना घर उरत नाही, शेवाळावर थर बसतो आणि मळ्या उपाशी राहतो. भरावाच्या पायथ्याला गाळ अडवणारे कापड लावतात, ते १५ सें.मी. जमिनीत पुरलेले हवे, नाहीतर पहिल्याच सरीत पाणी खालून जाते. हे कापड ओढ्याच्या आडवे तर कधीच लावू नये; प्रवाहापुढे ते टिकत नाही. आणि मातीकाम मे संपण्यापूर्वी झाकून व्हायला हवे. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडत असला, तरी भेगाळलेल्या रानाची मोकळी माती पहिल्या मोठ्या सरीबरोबरच ओढ्यात येते.

सिमेंटचे पाणी गाळासारखे वाट पाहत नाही. ओल्या काँक्रीटमधून निघणाऱ्या पाण्याचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) १२च्या वर असतो. माशांना साधारण साडेसहा ते साडेआठ मानवतो. सामूची मोजपट्टी दसपटीची असल्याने १२वरून ९वर यायला ढोबळमानाने हजारपट स्वच्छ पाणी लागते, आणि वैशाखातल्या डोहाजवळ ते नसते. शिवाय गावाच्या सांडपाण्यातला अमोनियम सामू वाढला की विषारी अमोनियात बदलतो. सव्वानऊच्या आसपास निम्मा अमोनियाच झालेला असतो. म्हणून ट्रान्झिट मिक्सर धुण्यासाठी ताडपत्री अंथरलेला खड्डा ओढ्यापासून दूर हवा, आणि क्युरिंग, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवणे, भिजल्या गोणपाटाने करावे, पाइप सोडून देऊन नव्हे. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या प्रत्येक साइटवर असाव्यात. त्या स्वस्त आहेत.

एवढे सगळे सांभाळूनही मोरी चुकीची बसली तर श्रम वाया जातात. पाइप पात्राच्या पातळीवर किंवा थोडा वर बसवला जातो, खालच्या तोंडाशी दोन-तीन पावसाळ्यांत पाणी खोदत जाते आणि पाइपखाली वीतभर, हातभर उंबरठा तयार होतो. माणसाला तो दिसतही नाही. चढणीला निघालेल्या सहा सेंटिमीटरच्या माशाला ती भिंत असते. त्यातूनही आत शिरला, तर बारीक मासा अंगाच्या लांबीच्या साधारण दहापट वेग, म्हणजे सेकंदाला ६० सें.मी., तोही काही सेकंदच गाठू शकतो. गुळगुळीत पाइपातले पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने धावत असते, आणि सहापदरी रस्त्याखाली पाइप ४०-५० मीटर लांब असतो. मध्ये विसावायला दगडाचा आडोसाही नसतो.

उपाय नकाशावर असतानाच स्वस्त असतो. पाइपांऐवजी चौकोनी मोरी घ्यावी आणि तिचा तळ पात्राच्या निदान ३० सें.मी. खाली पुरावा. आत ओढ्यातलेच दगडगोटे आणि रेती पसरावी. उतार ओढ्याचा असेल तोच ठेवावा. रुंदीसाठी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा नियम उपयोगी आहे: काठोकाठ भरल्या पात्राच्या रुंदीच्या १.२ पट आणि वर ६० सें.मी. चार मीटरच्या ओढ्याला सुमारे साडेपाच मीटर. तीन गाळ्यांची (कप्प्यांची) मोरी असेल तर एक गाळा बाकीच्यांपेक्षा ३० सें.मी. खोल ठेवावा. नाहीतर ऑक्टोबरातले थोडेसे पाणी तिन्हींत पसरून दोन सेंटिमीटरचा पापुद्रा होतो आणि माशाची पाठ उघडी पडते. एका कडेला अर्धा मीटर रुंद कोरडा कट्टा ठेवला तर कासव, मुंगूस, घोरपड रस्त्यावर न येता खालून जातात.

जुन्या मोऱ्या काही तोडता येणार नाहीत. पण ओढा वाहता असताना पट्टी घेऊन खालच्या तोंडाशी उभे राहिले की उंबरठा मोजता येतो. ३० सें.मी. असेल तर खाली सहा मीटर लांबीचा दगडी उतार रचावा, २० मीटरला एक मीटर या प्रमाणात. दगड लहानमोठे मिसळून घ्यावेत, मोठे निम्मे पुरावेत, आणि फटी रेती-खड्यांनी घट्ट भराव्यात. पहिल्या पुरानंतर पुन्हा जाऊन पाहावे. पाणी दगडांखालून झिरपत असेल तर वरचा उतार कोरडा राहतो आणि मासा खालीच थांबतो. तिथे आणखी रेती भरावी लागते.