सीलची मिशी थरथरत का नाही?

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. खडकावर लोळणारा ठिपकेदार सील, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि खाली ओळ: ‘पिल्लू हरवलेल्या आईचे अश्रू’. दुपारपर्यंत हात जोडलेल्यांची रांग लागली होती. आता, आपले अश्रू डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरतात, म्हणून तर रडताना नाक वाहतं. सीलला ही नळीच नसते. पाण्याबाहेर आला की डोळ्यांतलं पाणी सरळ गालावर ओघळतं, पिल्लू शेजारी असलं तरी. हे लिहिल्यावर एका काकांनी विचारलं, ‘पण मासा रडतो तरी कसा?’ सील मासा नाही, कुत्र्या-अस्वलांच्या गोतावळ्यातला सस्तन प्राणी आहे, हे सांगायचं त्राण उरलं नाही.

व्हिडिओतला होता हार्बर सील. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर राहणारा; कोकणात शोधू नका. लांबी दीड-पावणेदोन मीटर, वजन शंभर किलोच्या आगेमागे, कानाला पाळी नाही, नाकपुड्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या. ओहोटीला खडकावर येऊन डोकं आणि मागची वल्ही वर उचलून केळ्यासारखा पडून राहतो. पिल्लू जन्मल्यावर काही तासांतच पोहू लागतं. हे सगळं छानच, पण मी वेडा झालो तो त्याच्या मिश्यांपायी.

२००१ साली गिडो डेनहार्ट आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी शिकवलेल्या सीलचे डोळे झाकले, कानांवर हेडफोन चढवले आणि पाण्यात एक छोटी पाणबुडी सोडली. तिचं इंजिन थांबल्यावर हेडफोन काढले. सील पाण्यात शिरला, मिश्या पुढे काढल्या आणि पाणबुडी जिथून वळली होती तिथून वळत तिच्यापर्यंत पोहोचला. मिश्यांवर कापड चढवलं, की मात्र चुकला. मासा पोहून गेल्यावर मागे उरलेली पाण्यातली खळबळ तो मिशीने वाचतो.

खरं कोडं इथून पुढे आहे. पावसाळ्यात लकडी पुलावरून मुठेकडे बघा. खांबाच्या मागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. प्रत्येक भोवरा सुटताना खांबाला बाजूला हिसका देतो. खांब दगडी, तो कशाला हलतोय; पण वाऱ्यात तार गुणगुणते ती याच हिसक्यांनी. दर सेकंदाला हिसक्यांची आवर्तनं किती? वेगाला ०.२ने गुणा आणि जाडीने भागा. (हा ०.२ म्हणजे स्ट्रूहल अंक. रेनॉल्ड्स अंक म्हणजे प्रवाहाच्या जोराची त्याच्या चिकटपणाशी तुलना; गोल दांडीसाठी तो काहीशे ते लाखभर असेतो हा ०.२ फारसा बदलत नाही. पुढच्या उदाहरणात रेनॉल्ड्स अंक हजार येतो.) १ मिलिमीटर जाडीचा गोल केस सेकंदाला १ मीटर वेगाने पाण्यातून नेला, तर तो सेकंदाला २०० वेळा थरथरेल. स्वतःच इतकं थरथरणाऱ्या केसाला माशाची मंद खळबळ काय कळणार?

सीलचा केस गोल नसतोच. तो चपटा असतो आणि त्याच्या कडा नागमोडी असतात: एका बाजूने बघितलं तर जिथे रुंद, तिथेच दुसऱ्या बाजूने अरुंद. त्यामुळे केसाच्या लांबीभर भोवरे एका तालात सुटूच शकत नाहीत. इथला हिसका डावीकडे, तर जरासा वरचा उजवीकडे, आणि दोन्ही एकमेकांना मारतात. कारखान्याच्या उंच पोलादी धुराड्याला वरच्या टोकाशी सर्पिल पट्टी गुंडाळलेली दिसते ना? ती सजावट नव्हे, भोवऱ्यांचा ताल मोडायची तीच युक्ती. मिशी अशी गप्प राहिली, की बाहेरून आलेली खळबळच तेवढी तिला हलवते, आणि प्रत्येक मिशीच्या मुळाशी हजाराहून जास्त मज्जातंतू ती टिपायला बसलेले असतात.

वाळूत रुतून निश्चल पडलेला चपटा मासासुद्धा यातून सुटत नाही. हलायचं थांबवता येतं, पण श्वास घ्यावाच लागतो, आणि कल्ल्यांतून निघालेली पाण्याची ती बारीक धारही सीलच्या मिशीला लागते.