संपाचा कौल आणि संप: वैमानिकांच्या बातम्या वाचताना

गेल्या आठवड्यात रात्रीची जेवणे आटोपल्यावर शेजारच्या वहिनी विमानाच्या तिकिटाची छापील प्रत घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांची लेक शिकागोला असते, तिचे पहिले बाळंतपण आहे आणि त्यासाठी दोन महिन्यांनी वहिनींनी साताऱ्याहून तिकडे जायचे ठरले आहे. "भाऊजी, आमचं तिकीट ज्या कंपनीचं आहे तिचे पायलट संपावर गेलेत म्हणे. जवळजवळ सगळ्यांनी मत दिलंय. तिकीट रद्द करून टाकू का?" त्यांनी दाखवलेली बातमी मी दोनदा वाचली. वैमानिकांनी मत दिले होते हे खरे होते. संपावर मात्र कोणीही गेलेले नव्हते आणि त्या कंपनीची विमाने वेळापत्रकाप्रमाणे उडत होती.

हा घोटाळा वहिनींचा नाही, आपल्या भाषेतल्या एका तयार वाक्प्रचाराचाही त्यात हात आहे. कामगारांनी मतदान केले, संपाची नोटीस दिली किंवा खरोखर काम थांबवले, तरी तिन्ही वेळा आपण "संपाचे हत्यार उपसले" असेच लिहितो. त्यात सातारा जिल्ह्यात "संप" या शब्दाला जुनी धास्ती चिकटलेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि जावळी, पाटण भागातली कितीतरी माणसे त्यानंतर वळकटी घेऊन गावी परतली. ज्या घरात हे घडले त्या घराला "संपाच्या बाजूने मतदान" हे शब्द ऐकून चूल विझल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही. म्हणूनच संपाचा कौल आणि संप या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे मला अगत्याचे वाटते.

संपाचा कौल म्हणजे सभासदांनी आपल्या संघटनेच्या नेतृत्वाला दिलेला अधिकार: वाटाघाटी फिसकटल्या आणि कायद्याने मोकळीक मिळाली, तर संपाची तारीख तुम्ही ठरवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. त्यात काम थांबत नाही, पगार कापला जात नाही आणि एकही उड्डाण रद्द होत नाही. संप म्हणजे प्रत्यक्ष काम बंद. त्या दिवसापासून वेतन थांबते, विमाने धावपट्टीशेजारी उभी राहतात आणि प्रवाशाला दुसरी वाट शोधावी लागते. कौल सभासद देतात आणि तो बहुधा वाटाघाटीच्या मेजावर ठेवण्यासाठी असतो. संपाची तारीख नेतृत्व ठरवते, आणि तीही कायद्याने दार उघडल्यावरच.

हा फरक मी पुस्तकात वाचण्याआधी अनुभवला होता. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अनेक वर्षे नोकरी केली आणि त्यातली काही वर्षे आमच्या युनियनचा चिटणीस होतो. वेतनकराराची मुदत संपून चौदा महिने झाले होते, मागणीपत्रावर बैठकांमागून बैठका होत होत्या, आणि व्यवस्थापन प्रत्येक वेळी पुढची तारीख देत होते. शेवटी द्वारसभा घेऊन आम्ही गुप्त मतदान ठेवले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात तशी अटच होती: मान्यताप्राप्त संघटनेने संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला पाहिजे, आणि नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप करता येणार नाही, यांतले काहीही चुकले तर तो संप बेकायदा. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बिस्किटाचा मोठा डबा मतपेटी म्हणून ठेवला होता. त्याच्या झाकणाला पाडलेल्या चिरेत चिठ्ठी अडकली की आमचा एक फिटर स्क्रू ड्रायव्हरने ती हळूच आत ढकलायचा. मोजणी झाली, प्रचंड बहुमताने कौल मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिली पाळी नेहमीप्रमाणे कार्ड पंच करून आत गेली. संध्याकाळी घरी जाताना मात्र किराणा दुकानदाराने वही पुढे केली आणि म्हणाला, "संप आहे ना तुमचा? मग आधीची उधारी मिटवा." आम्ही एक तासही काम थांबवले नव्हते, तरी त्या आठवड्यात वसाहतीजवळच्या कितीतरी घरांची उधारी बंद झाली. नोटिशीच्या बाराव्या दिवशी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करार झाला आणि संप झालाच नाही. पण लोकांनी कौलालाच संप समजल्याची किंमत आमच्या घरच्या बायकांनी तोवर चुकती केली होती.

आता अमेरिकेतल्या वैमानिकांकडे वळू, कारण तिथे कौल आणि संप यांच्यातले अंतर आपल्याकडच्या चौदा दिवसांपेक्षा फार मोठे आहे. तिथल्या विमान कंपन्यांना रेल्वे लेबर ॲक्ट हा कायदा लागू होतो. तो १९२६ साली रेल्वेसाठी झाला आणि १९३६ साली विमान वाहतुकीला लावण्यात आला. देशाची वाहतूक एकाएकी ठप्प होऊ नये हा त्याचा हेतू असल्यामुळे त्यात वेतनकराराची मुदत आपल्यासारखी संपत नाही. ठरलेल्या तारखेला करार फक्त दुरुस्तीला मोकळा होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी, जुनेच पगार, जुनेच ड्यूटीचे नियम चालू राहतात. वाटाघाटी अडल्या की नॅशनल मीडिएशन बोर्ड हे सरकारी मंडळ मध्यस्थी करते, आणि या मध्यस्थीला वेळेची मर्यादा नाही. मंडळाला तोडगा अशक्य वाटला, तर ते दोन्ही बाजूंना लवादाकडे जाण्याचा प्रस्ताव देते. एकाही बाजूने तो नाकारला, तर मंडळ त्यांना मध्यस्थीतून मोकळे करते आणि ३० दिवसांचा थंड होण्याचा काळ सुरू होतो. ते ३० दिवस उलटल्यावरच वैमानिक कायदेशीर संप करू शकतात. त्यानंतरही राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी मंडळ नेमून संप पुढे ढकलता येतो.

या रचनेतच कौलाचे मर्म आहे. वाटाघाटी जितक्या लांबतात तितके दिवस वैमानिक जुन्या पगारावर उडत राहतात, म्हणजे उशिराचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडतो आणि कंपनीला घाईचे कारण उरत नाही. संप हाताशी नसलेल्या या काळात आपल्या मागे सभासद किती घट्ट उभे आहेत हे दाखवण्याचा संघटनेकडचा ठळक मार्ग म्हणजे कौल. त्यामुळे आकडा ९९ टक्क्यांवर गेला की संप जवळ आला असे समजणे चुकीचे आहे. तो आकडा एकजुटीचा असतो, तारखेचा नसतो. डेल्टा एअर लाइन्सच्या वैमानिकांचा करार २०१९ च्या अखेरीस दुरुस्तीला मोकळा झाला होता. कोविडमुळे बोलणी थांबली, पुन्हा सुरू झाली, अडली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी ९९ टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. संप झाला नाही. मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के पगारवाढ देणारा करार सभासदांनी मंजूर केला. मे २०२३ मध्ये अमेरिकन आणि साउथवेस्ट या कंपन्यांच्या वैमानिकांनीही तसेच ९९ टक्क्यांचे कौल दिले, आणि तिथेही संपाशिवाय करार झाले.

अशा काळात वैमानिक विमानतळाबाहेर गणवेशात, डोक्यावर टोपी आणि हातात फलक घेऊन शिस्तीने फेऱ्या मारताना दिसतात, आणि ती छायाचित्रे पाहून गैरसमज आणखी पक्का होतो. ते त्यांच्या सुट्टीच्या वेळेत उभे असतात. आपल्याकडे काळ्या फिती लावून काम करण्याची जी पद्धत आहे, तिच्या जातकुळीचे हे निदर्शन आहे.

खरा संप कसा दिसतो, हे पाहायचे तर २०१० चे स्पिरिट एअरलाइन्सचे उदाहरण घ्यावे. तीन वर्षांहून अधिक काळ बोलणी चालली, मध्यस्थी मंडळाने दोन्ही बाजूंना मोकळे केले, ३० दिवस संपले आणि १२ जून रोजी वैमानिकांनी काम थांबवले. कंपनीची उड्डाणे बंद पडली आणि करार होईपर्यंत पाच दिवस संप चालला. उलट फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच आणीबाणी मंडळ नेमून तो थांबवला. सगळ्या पायऱ्या चढून गेलेला संपही तिथे असा अडू शकतो.

कौल आणि संप यांच्या मधला तिसरा प्रकारही ओळखून ठेवला पाहिजे, कारण प्रवाशाला तोच सर्वांत बेसावध गाठतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजा टाकल्या आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. हा ना कौल होता, ना कायदेशीर संप. न्यायालयाने कामावर परतण्याचा आदेश दिला आणि तो पाळला नाही म्हणून संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड केला. आपल्याकडे सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना बांधणाऱ्या सहकाऱ्यांच्या बडतर्फीविरुद्ध अशीच सामूहिक आजारी रजा घेतली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही पळवाट बऱ्याच अंशी बुजवली आहे: एका दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली, तर तो संपच समजला जातो, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत लागते.

देश बदलला की कौल आणि संप यांच्यातले अंतरही बदलते, हे मात्र विसरून चालणार नाही. कॅनडात संपाचा हक्क मिळाल्यावर ७२ तासांची नोटीस पुरते. मे २०२३ मध्ये वेस्टजेटच्या वैमानिकांनी अशी नोटीस दिली, तेव्हा करार शेवटच्या काही तासांत झाला. पण कंपनीने विमाने आधीच उभी करायला घेतल्यामुळे दोनशेहून अधिक उड्डाणे संप न होताच रद्द झाली होती. म्हणजे तिथे कौलाची बातमी दुर्लक्षिली तरी चालेल, नोटिशीची दुर्लक्षून चालणार नाही. जर्मनीत हे अंतर आणखी कमी असू शकते: तिथे लुफ्तान्सा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी २ सप्टेंबर २०२२ रोजी केलेल्या एका दिवसाच्या संपात सुमारे ८०० उड्डाणे रद्द झाली होती.

वहिनींचे तिकीट अमेरिकन कंपनीचे असल्यामुळे त्यांच्यापुरता हिशेब सोपा होता. बातमीत फक्त मतदानाचा उल्लेख होता. मध्यस्थी अजून चालू होती आणि मंडळाने कोणालाही मोकळे केलेले नव्हते. उद्या जरी मोकळे केले, तरी पुढचे ३० दिवस विमाने उडणारच. मी त्यांना सांगितले की तिकिटाला हात लावू नका. यापुढे बातमी आली तर टक्केवारी पाहू नका, मंडळाचे नाव आणि तारीख शोधा. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले, तिकिटाची प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या: "मंडळाने सोडले का? सोडले तर कोणत्या तारखेला, तिथून ३० दिवस मोजणे."