इंजिनाच्या भागांचे पॉलिशिंग

इंजिनाच्या धातूच्या भागांवरचे ओरखडे, गंज आणि ओतकामाचा खरखरीत थर टप्प्याटप्प्याने घासून काढून पृष्ठभाग गुळगुळीत किंवा पूर्ण चकचकीत करण्याची क्रिया. ती पॉलिश पेपर आणि लेप (घासणारी बारीक पूड असलेला) घेऊन हाताने करता येते, तशीच बफिंग मोटर (बफ म्हणजे कापडी चाक फिरवणारी), डाय ग्राइंडर (हातात धरायचे छोटे घासण्याचे यंत्र) किंवा ड्रिल मशीनवरही. चांगल्या कामात बहुधा दोन्ही लागतात. भारतात हे काम सर्वाधिक दिसते ते जुन्या मोटारसायकलींच्या पुनरुज्जीवनात. १९५५ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा-येझदी यांची ॲल्युमिनियमची इंजिन कव्हरे रंगाविना, धातूच्याच चमकेवर शोभतात. रेसिंग इंजिनांत मात्र पॉलिश दिसण्यासाठी नसते. तिथे ते भागाचे आयुष्य वाढवण्यासाठी, घर्षण कमी करण्यासाठी किंवा हवेचा मार्ग नीट करण्यासाठी केले जाते.

पॉलिश म्हणजे धातूवर काही चढवणे नव्हे, धातू काढणे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. पृष्ठभागावरचे चढउतार त्याहून मोठे असले की प्रकाश विखुरतो आणि धातू पांढुरका, मंद दिसतो; ते त्याहून बरेच लहान झाले की प्रतिबिंब उमटते. पेपरच्या कणांचा आकार पाहिला तर वाट किती लांबची आहे हे कळते. युरोपीय मानकानुसार पी-१२० पेपरचे कण सरासरी १२५ मायक्रॉनचे, पी-४०० चे ३५, पी-१००० चे सुमारे १८ आणि पी-२००० चे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. शेवटचा टप्पा त्याहून बारीक पुडीचा, म्हणजे लेपाचा.

या शेवटच्या टप्प्यात नेमके काय घडते यावर विसाव्या शतकात बराच वाद झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज बील्बी यांनी मांडले की घासताना धातूचा वरचा पातळ थर जणू वाहतो आणि ओरखडे बुजवतो. १९३७ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवले की घासणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणापेक्षा त्याचा वितळणबिंदू महत्त्वाचा ठरतो, म्हणजे स्पर्शबिंदूंवर प्रचंड उष्णता निर्माण होत असली पाहिजे. पुढच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांतून असे दिसले की पॉलिशही मुख्यतः कापणेच असते, फक्त अतिशय बारीक. कारागिराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. खोल ओरखडा बफ बुजवत नाही. तो पेपरनेच तळापर्यंत घासून काढावा लागतो. कव्हर चमकते आहे पण उन्हात धरले की आत रेघा दिसतात, ही तक्रार जवळजवळ नेहमी पेपरच्या टप्प्यावरची असते आणि दोष मात्र बफला दिला जातो.

हाताने काम करताना भाग इंजिनावरून उतरवणे हीच पहिली अट. घासलेली पूड तेलात गेली की बेअरिंगचा नाश ठरलेला. रॉकेल किंवा डीग्रीझरने तेलकटपणा काढल्यावर कव्हरवर कारखान्याचा पारदर्शक लॅकर आहे का ते पाहावे लागते. जुना लॅकर पिवळा पडतो आणि त्याच्या खाली गंजाचे पांढरे, वळवळते धागे पसरतात. तो पेंट रिमूव्हरने काढावा, कारण पेपर त्यात भरून निकामी होतो. ओतकामाच्या साच्याची उभी रेघ उरली असेल तर ती बारीक कानशीने उतरवतात आणि मग वॉटर पेपर सुरू होतो. खडबडीत किंवा खड्डे पडलेल्या भागाला २२० नंबर, बऱ्या स्थितीतल्या भागाला थेट ४००. त्यानंतर ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वापरतात आणि प्रत्येक नंबरनंतर भाग स्वच्छ धुतात, कारण मागच्या पेपरचा एक सुटलेला कण पुढचे सगळे काम बिघडवू शकतो. सपाट जागी पेपरमागे रबरी ठोकळा असतो; नुसत्या बोटांनी घासले तर बोटांखालचे पन्हळ उमटतात. गोलाईवर स्पंज चालतो.

या कामातला सर्वांत मोलाचा नियम दिशेचा आहे. एका नंबरने उभे घासले तर पुढच्याने आडवे घासायचे. असे केले की मागचे ओरखडे नव्याच्या काटकोनात दिसतात आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचे नाही हे डोळ्यालाच कळते. मधला नंबर गाळून वाचवलेला वेळ पुढे दुप्पट द्यावा लागतो, कारण १००० नंबरच्या पेपरने ४०० चे ओरखडे काढणे ही निव्वळ दमछाक आहे. शेवटी मऊ कापडावर धातूचे पॉलिश घेऊन चोळतात. कापड काळे पडते ते मळाने नव्हे, तर निघालेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक कणांनी. त्यामुळे कापडाची स्वच्छ घडी बदलत राहावी लागते.

यंत्राने वेळ वाचतो, पण चूकही तितक्याच वेगाने होते. मिनिटाला २८०० फेरे घेणाऱ्या मोटरवर २०० मिमी व्यासाचा बफ लावला तर त्याची कडा सेकंदाला सुमारे २९ मीटर वेगाने धावते. कापायचे असेल तर कडक सायझलचा (घायपाताच्या धाग्यांचा) किंवा शिवलेला सुती बफ, अखेरच्या चमकेसाठी सैल सुती किंवा फ्लॅनेलचा. लेपाच्या वड्या रंगावरून ओळखतात: तपकिरी ट्रिपोली ॲल्युमिनियम आणि पितळ कापण्यासाठी, पांढरी ॲल्युमिनाची वडी त्यानंतरच्या चमकेसाठी, क्रोमियम ऑक्साइडची हिरवी स्टेनलेस स्टीलसाठी, लोह ऑक्साइडची लाल मुख्यतः सोन्याचांदीसाठी. एका बफला एकच लेप, आणि एकदा तपकिरीला वापरलेला बफ पांढऱ्यासाठी कधीच वापरायचा नाही. आधी भाग बफच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवत कापून घेतात, मग हलक्या हाताने त्याच्याच दिशेने सरकवत रेघा मिटवतात. जोर दिला तर ॲल्युमिनियम तापते आणि लेप काळ्या डागांनी चिकटून बसतो.

अँगल ग्राइंडर या कामात जपून हाताळावा. १०० मिमीचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे चकतीची कडा सेकंदाला ५७ मीटरहून वेगवान. मऊ ॲल्युमिनियमवर फ्लॅप डिस्क (पेपरच्या पट्ट्यांची चकती) क्षणभर रेंगाळली तरी खळगा पडतो आणि तो चमक आल्यावरच दिसतो. डाय ग्राइंडर आणि त्यावरचे नमद्याचे गोळे कोपऱ्यांसाठी, पोर्टच्या (इंजिनात हवा येण्याजाण्याच्या मार्गाच्या) आतल्या भागासाठी उत्तम. मोठ्या सपाट भागावर ते लाटा उठवतात.

सगळे ॲल्युमिनियम सारखे चमकत नाही. इंजिनाच्या ओतकामात सिलिकॉन भरपूर असलेल्या मिश्रधातूंचा वापर होतो. ते साच्यात छान वाहतात, पण त्यांची चमक किंचित करडी राहते. मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू जास्त उजळतात. डाय कास्टिंगचा (धातूच्या साच्यात दाबाने ओतलेल्या भागाचा) वरचा थर घट्ट असतो आणि त्याखाली हवेची बारीक छिद्रे असू शकतात. खूप खोल घासले तर ती उघडी पडतात आणि मग कितीही घासा, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके राहतात. बिडाचे भाग चमकवण्यात अर्थ नाही: ग्राफाइटमुळे आरसा येत नाही आणि उघडे बीड लगेच गंजते.

इंजिनाच्या आत पॉलिश कुठे करावे यापेक्षा कुठे करू नये हे जास्त महत्त्वाचे. कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याला) ते उपकारक ठरते, कारण थकव्याची, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी, भेग बहुधा पृष्ठभागावरच्या ओरखड्यापासून सुरू होते; मात्र घासणे रॉडच्या लांबीच्या दिशेनेच हवे, आडवा ओरखडा राहिला तर भेगेला जागा मिळते. क्रँकशाफ्टच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) ग्राइंडिंगनंतर बारीक पट्ट्याने पॉलिश करतात, नाहीतर धातूचे सूक्ष्म काटे बेअरिंग खातात. एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याचा मार्ग) गुळगुळीत केला तर काजळी कमी चिकटते. इनटेक पोर्ट (हवा-पेट्रोल आत येण्याचा मार्ग) मात्र आरशासारखा करू नये. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचा काही भाग भिंतीवर ओला पसरतो आणि थोडा खरखरीत पृष्ठभाग तो पुन्हा हवेत मिसळायला मदत करतो. पोर्टमधून मिळणारी खरी ताकद त्याच्या आकारातून येते, चमकेतून नव्हे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला पॉलिश हा तर अपराधच: तिथे होनिंगच्या (घासदगडाने केलेल्या घासणीच्या) एकमेकांना छेदणाऱ्या रेघा तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात. पॅकिंग बसते त्या कडेला बफ लागला तर कड गोल होते आणि तेल गळू लागते.

बफवर भाग नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरतात, म्हणजे चाकाने तो हिसकावलाच तर खाली आणि पलीकडे फेकला जातो. कडेवर बफ आत शिरू द्यायचा नाही, बाहेर निघू द्यायचा. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, सुती हातमोजे यांना तिथे जागा नाही. ॲल्युमिनियमची पूड हा वेगळाच धोका आहे. ती हवेत तरंगत असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे गाड्यांच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट होऊन १४६ कामगारांचा बळी गेला. लहान वर्कशॉपमध्येही ज्या मोटरवर लोखंड घासले, ठिणग्या पाडल्या, तिथेच ॲल्युमिनियमची पूड साठू देऊ नये, आणि अशा पुडीला आग लागली तर पाणी न मारता कोरडी वाळू टाकावी. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाची केस मॅग्नेशियमची असते. तिची पूड त्याहून घातक.

चमकवलेल्या ॲल्युमिनियमवर हवेत तत्काळ काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पारदर्शक थर तयार होतो आणि कोरड्या जागी तोच पुरेसे संरक्षण देतो. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र क्लोराइड हा थर भेदते, पांढरी पूड येते आणि खड्डे पडतात. तिथे मेणाचा पातळ थर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात वेळोवेळी द्यावा लागतो. पितळ-तांब्याच्या भांड्यांसाठीची आम्लयुक्त पूड आणि कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर या भागांना लावू नयेत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम सरळ विरघळवतो. लॅकर लावला तर देखभाल कमी होते, पण गरम कव्हरवर तो पिवळा पडतो आणि एकदा सोलला की सारे काम पेपरपासून पुन्हा करावे लागते. म्हणून रोज वापरातल्या गाडीला मेणच बरे.