एकही शिवी नसलेला मेसेज

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षा मागायला आली होती. बहुतेक मंगळवेढ्याकडची, पिंपळनेरजवळ पालं ठोकून राहिलेली. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला आणि 'पोरं पळवणारे आले' अशी बोंब उठली. जमावाने पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, कोंडलं आणि तिथेच जीव जाईपर्यंत मारलं.

त्याआधी काही आठवडे राज्यात व्हॉट्सॲपवर एकच मजकूर थोडेफार शब्द बदलून फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा, सगळ्या ग्रुपवर पाठवा. हा मजकूर पुन्हा एकदा वाचा. त्यात शिवी नाही. कुठल्या जातीचं किंवा धर्माचं नाव नाही. पाठवणाऱ्याला तर आपण पुण्याचं काम करतोय असंच वाटत असणार. सोशल मीडियावरचा द्वेष रोखण्यासाठी राबणाऱ्या अभ्यासकांची, वकिलांची आणि तथ्य तपासणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

ऑगस्ट २०१२. आसामात कोक्राझारकडे हिंसाचार पेटला होता आणि म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांवर हल्ले चालू होते. त्याच सुमारास मोबाइलवर आणि फेसबुकवर एक फोटो फिरू लागला: प्रेतांच्या राशी आणि त्यांच्यामध्ये उभे बौद्ध भिक्खू. 'बघा, बर्मात काय चाललंय' असं त्याखाली लिहिलेलं. फोटो खरा होता, पण तो २०१० साली चीनमधल्या तिबेटी भागात झालेल्या भूकंपाचा. ते भिक्खू मृतांवर अंत्यसंस्कार करायला जमले होते. हे शोधून काढणारे पहिले लोक कुठल्या संस्थेचे नव्हते. फोटो मूळ कुठला, हे इंटरनेटवर उलटं शोधत जाणारे साधे हौशी लोक होते. तोवर पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले होते आणि पुणे, बंगळुरू, चेन्नईहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघाल्या होत्या. केंद्र सरकारने पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी घातली. पाच हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हा एका तरुणीने फेसबुकवर बंदबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, अधिकारी निलंबित झाले. पण इंटरनेटवर त्रासदायक मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ किती सैल आहे, हे सगळ्या देशाला दिसलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं. त्या निकालात चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं यांत फरक केलेला आहे. पहिल्या दोन गोष्टी कितीही टोचल्या तरी त्या चालतील. हात घालायचा तो तिसरीला. द्वेष रोखण्याच्या कामात इतकी स्वच्छ रेघ आपल्याकडे त्याआधी कुणी ओढली नव्हती, असं मला वाटतं. ती बंद दुकानांबद्दलच्या एका साध्या प्रश्नातून आली, हेही विसरू नये.

मधल्या काळात, जून २०१४ मध्ये, पुण्याजवळ हडपसरला एका तरुण आयटी कर्मचाऱ्याचा जीव गेला. शिवाजी महाराज आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली होती आणि शहर धुमसत होतं. नमाज पढून परतणाऱ्या या मुलाचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार मात्र आपल्याकडे नाही, आफ्रिकेच्या अनुभवातून सुरू झाला. १९९४ मध्ये रवांडात तुत्सी समाजाचा वंशसंहार चालू असताना रेडिओवरून त्यांना 'झुरळं' म्हटलं जात होतं. पुढे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या प्रचाराबद्दल माध्यमांतल्या तिघांना दोषी ठरवलं. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात अकराशेहून अधिक माणसं मारली गेली. तिथे एसएमएसनी तेल ओतलं होतं. सुझन बेनेश या अमेरिकी अभ्यासिकेने या घटना डोळ्यांपुढे ठेवून 'धोकादायक बोलणं' अशी वेगळी कल्पना मांडली. ऐकायला किती घाणेरडं वाटतं हा तिचा निकष नाही. त्या बोलण्याने माणसं हात उचलायला तयार होतील का, हा आहे. त्यासाठी तिने पाच गोष्टी पाहायला सांगितल्या: बोलणारा कोण, ऐकणारे कोण, मजकूर काय, आजूबाजूची परिस्थिती कशी आणि निरोप कुठल्या वाटेने आला.

या पाच गोष्टी राईनपाड्याला लावून बघा. बोलणारा कोण? गावच्या ग्रुपवरचा मामा, नाहीतर भावकीतला कुणी. परका असता तर लोक दोनदा विचार करतील, घरच्याचा निरोप कोण तपासतो? ऐकणारे कोण? लहान मुलांचे आईबाप, धास्तावलेले. परिस्थिती? इथेच सगळं येतं. 'रडू नकोस, झोळीवाला बुवा घेऊन जाईल' हे आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलो. डौर वाजवत, नाथांची गाणी म्हणत दारोदार फिरणारा गोसावी हा त्या धाकातला ठरलेला माणूस. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. मजकुरात नाव नसलं तरी बोट कुणाकडे वळणार हे आधीच ठरलेलं होतं.

केनियात २०१३ च्या निवडणुकीआधी नैरोबीत 'उमाती' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या लोकांनी स्थानिक भाषा जाणणारी माणसं बसवली. ती दिवसभर फेसबुक, ब्लॉग आणि ट्विटर वाचायची आणि बेनेशच्या कसोटीवर एकेक वाक्य घासायची. संगणकापेक्षा त्यांनी माणसावर भिस्त ठेवली, कारण कुठली म्हण कधी धमकी होते हे त्या भाषेत वाढलेल्यालाच कळतं.

याच्या उलट घडलं म्यानमारमध्ये. तिथे फेसबुक म्हणजेच इंटरनेट, पण २०१५ च्या सुरुवातीला कंपनीकडे आक्षेपार्ह मजकूर तपासणारी बर्मी जाणणारी माणसं दोनच होती, हे पुढे उघड झालं. त्यात लोक 'झॉजी' नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहायचे आणि यंत्राला तो वाचता येत नसे. शिवाजी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून नुसती चिन्हं बघितलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेत फेसबुकचा हात होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या तपासपथकाने मार्च २०१८ मध्ये सांगितलं. म्हणजे राईनपाड्याच्या तीन-साडेतीन महिने आधी.

तोवर आपल्याकडे तथ्य-पडताळणीचं काम उभं राहू लागलं होतं. मुंबईच्या पंकज जैन यांनी २०१५ मध्ये 'एसएम होक्स स्लेयर' सुरू केलं. 'बूम' ही तथ्य तपासणारी वेबसाइट होती. प्रतीक सिन्हा आणि मोहम्मद झुबेर यांनी २०१७ मध्ये 'अल्ट न्यूज' काढलं. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवण्याच्या अफवेसोबत फिरणारी क्लिप त्यांनी उलगडून दाखवली, ती इथे सांगायलाच हवी. रस्त्यावर मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. अंगावर काटा येतो. पण ती क्लिप पाकिस्तानातल्या कराचीची, २०१६ सालची, मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने बनवलेली जाहिरात. मूळ जाहिरातीत तेच मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून धरतात: कराचीत दर वर्षी तीन हजारांहून अधिक मुलं हरवतात, आपल्या मुलाकडे लक्ष ठेवा. फक्त एवढा शेवट कुणीतरी कापला. काही सेकंद कमी झाली आणि सावध करणारी जाहिरात माणसं मारणारा पुरावा बनली.

खुलासे झाले, पण ते वेबसाइटवर, बरेचसे इंग्रजीत. क्लिप गेली होती ती घराघरांतल्या मोबाइलवर. व्हॉट्सॲपचे संदेश एप्रिल २०१६ पासून पूर्णपणे कूटबद्ध आहेत, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. त्यामुळे कुठली अफवा कुठे पोचली हे तज्ज्ञांना दिसतच नाही. लोकांनी आपणहून संशयित मेसेज पाठवावेत म्हणून एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, एक खास क्रमांक सुरू झाला. त्यात इंग्रजी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि मल्याळम होती. मराठी नव्हती. राईनपाड्याला वर्षही झालं नव्हतं.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच पुढे पाठवलेल्या (फॉरवर्ड केलेल्या) मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुन्हा पाच. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. याचा उपयोग झाला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वेग कमी झाला की शहाण्या माणसाला बोलायला वेळ मिळतो.

तो वेळ किती मोलाचा असतो, हे राईनपाड्याच्याच रात्री मालेगावात दिसलं. परभणीकडचं एक भिक्षेकरी कुटुंब, त्यात दोन वर्षांचं मूल, जमावाने असंच घेरलं होतं. स्थानिक माणसांनी त्यांना एका घरात घेतलं आणि पोलिस येईपर्यंत राखलं. सगळे वाचले. अफवा तीच होती आणि फोनही तेच.

कायद्याने पावलं टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला आणि द्वेष पसरवणाऱ्यांवर नजर ठेवायला सांगितलं. भारतीय न्याय संहितेत झुंडबळीचं वेगळं कलम आलं. ती संहिता लागू झाली तो दिवस १ जुलै २०२४, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली तो दिवस. पण त्या कलमात जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान 'किंवा तत्सम कारण' हवं. 'पोरं पळवणारा' या संशयाने केलेला खून त्यात कसा बसवायचा, हा वकिलांपुढचा प्रश्न आहे. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचं खरं-खोटं सरकारनेच ठरवायचं, असा घाट घातलेला नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. पालघर आठवलं तर तो निकाल योग्यच वाटतो. दरम्यान जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून आणि सप्टेंबरात साताऱ्यातल्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दंगल झाली. पुसेसावळीत एकाचा जीव गेला. दोन्ही वेळी प्रशासनाने हाताशी असलेला उपाय केला: इंटरनेट बंद.

राहता राहिली यंत्रं. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. चुकीची माहिती ओळखण्याच्या कामातला ८७ टक्के वेळ एकट्या अमेरिकेसाठी, असं त्यांत होतं. कंपनीने ते चित्र अपुरं असल्याचं म्हटलं. ते मान्य केलं तरी २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीच्या वाट्याला काय आलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून मराठीचं काम शेवटी अभ्यासकांनीच हाती घेतलं. यंत्राला असा मजकूर ओळखायला शिकवता यावं म्हणून २०२१ मध्ये आक्षेपार्ह मराठी ट्विटांचा एक छोटा संग्रह झाला. २०२२ मध्ये पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधक गटाने 'महाहेट' नावाने पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विटं एकेक वाचून चार खणांत लावली. हे काम वाटतं त्याहून किचकट आहे. 'मेल्या, जेवलास का?' यात 'मेल्या' आहे, पण ती आजीची माया आहे. 'कोट्यातला दिसतोय' यात शब्दकोशातली एकही शिवी नाही, तरी ज्याला ते म्हटलं जातं त्याला काय लागतं हे त्यालाच माहीत.

त्या संग्रहात खण चार: द्वेष, अपमान, अश्लील आणि यांपैकी काहीच नाही. 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा' हे वाक्य मी त्या खणांपुढे धरून पाहिलं. ते चौथ्यात जातं.