बाटली बघून परीक्षक माणूस ओळखतात?

‘घरगुती बीअरच्या स्पर्धेत परीक्षक बाटलीवरूनच ओळखीचा माणूस हेरतात,’ असा मेसेज ठाण्यातल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतो. शंका रास्त आहे, आणि नेमकी तीच धरून नियम केलेले आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बीअर बनवणं बेकायदा आहे. म्हणून पुढे सांगितलेले स्पर्धेचे नियम अमेरिकेतले.

तिथे बाटली साधी लागते. लेबल नको, काचेवर उठावाची अक्षरं नकोत, बुचावरचा छापही मार्करने काळा करायचा. नावाची चिठ्ठी रबरबँडने अडकवलेली असते. आयोजक ती काढून नवा क्रमांक चिकटवतात. कुठला क्रमांक कोणाचा, ही यादी परीक्षकांकडे जातच नाही. ज्या गटात स्वतःची बीअर दिली, त्या गटाचं परीक्षण करता येत नाही.

चवीवरून मित्र ओळखला तर? तसं होऊ शकतं. म्हणूनच एका टेबलावर किमान दोन परीक्षक असतात आणि प्रत्येक जण आधी न बोलता गुण लिहितो: ५० पैकी चवीला २०, वासाला १२, रूपाला फक्त ३. चर्चा नंतर.

पडताळणी सोपी आहे. गुणपत्रिका स्पर्धकाला परत मिळते. गुणांशेजारी कारणं लिहिली आहेत का, ते पाहा. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत लोणच्याची स्पर्धा असली तरी आधी हेच विचारा: क्रमांकांची यादी कोणाकडे आहे?