डेडस्टॉक क्रमांक ४/७

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधल्या एका जुन्या स्पेक्ट्रोमीटरच्या लोखंडी पायावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘४/७’ लिहिलेलं आहे. म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरचं, कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचं, पान ४, ओळ ७. २०१९ मध्ये हे रजिस्टर कॉम्प्युटरवर घेताना एक्सेलमध्ये हा क्रमांक टाइप केला आणि चौकटीत ४ जुलै ही तारीख उमटली. दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर तारखेची अमेरिकी पद्धत लावलेली होती, तिथं तेच ७ एप्रिल झालं. चूक लक्षात आल्यावर कुणीतरी कॉलमचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ केला, तर ४३६५० असा आकडा समोर आला. एक्सेल तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीत साठवतं, त्यातला तो आकडा. तोच तक्ता पुढे डेटाबेसमध्ये चढवला गेला, आणि ४/७ शोधलं की ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येऊ लागलं.

यावर उपाय सोपा आहे: आकडे भरण्याआधीच कॉलम टेक्स्ट करून घ्यायचा. पण आमच्या डेटाबेसच्या बहुतेक अडचणींचं मूळ एक्सेलच्याही मागे, रजिस्टरच्या बांधणीत आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

‘डेडस्टॉक’ म्हणजे मेलेला माल नव्हे. खडू, ॲसिड, कागद वापरून संपतात. त्यांची नोंद वेगळी. खुर्ची, कपाट, सूक्ष्मदर्शक वापरूनही उरतात, ती डेडस्टॉकमध्ये. सरकारी मराठीत याला जडसंग्रह किंवा जडवस्तू संग्रह म्हणतात. ग्रामपंचायतीच्या दप्तराच्या ठरवून दिलेल्या ३३ नमुन्यांपैकी नमुना १६ तोच. या रजिस्टरचे रकाने पाहिले की त्याचा हेतू कळतो. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, पुरवठादार, नग, किंमत, आणि शेवटी निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू हिशेबातून कमी करण्याच्या, आदेशाचा क्रमांक. वस्तू कोणत्या खोलीत आहे, चालू आहे की बंद, कंपनीनं तिच्यावर कोणता सिरियल नंबर कोरला आहे, यांना रकानाच नाही. कारण रजिस्टर वस्तूसाठी नव्हतंच. ते चार्ज देणाऱ्या-घेणाऱ्यासाठी होतं. बदली झाली की नग मोजायचे, सही करायची आणि मोकळं व्हायचं. पैशाचा हिशेब चोख राहावा एवढीच त्याची जबाबदारी, आणि ती त्यानं नीट पार पाडली.

आमच्या मराठवाड्यात यात आणखी एक थर आहे. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत आणि वर्ष ‘फसली’, म्हणजे महसुली कालगणनेचं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभार बदलला, १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि मग जिल्ह्या-तालुक्यांत कॉलेजं वाढत गेली. दप्तराची भाषा उर्दूवरून इंग्रजी-मराठीवर सरकली. निजामकाळातली कागदपत्रं वाचायला जाणकार लागतो, हे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना सगळ्या राज्यानं पाहिलं. आमचं रजिस्टर इतकं जुनं नाही, तरी त्यात एकच वस्तू एका पानावर ‘मायक्रोस्कोप’, दुसऱ्यावर ‘सूक्ष्मदर्शक यंत्र’ आणि तिसऱ्यावर ‘दुर्बीण’ आहे. माणूस वाचताना हे सांभाळून घेतो. डेटाबेस तीन वेगळ्या वस्तू मोजतो.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र नगांची. रजिस्टरच्या एका ओळीत ‘सूक्ष्मदर्शक, नग १०’ असतं. त्यातला एक पडून फुटला, तर कोणता? रजिस्टरला ते सांगता येत नाही. ‘१०’ च्या जागी ‘९’ एवढंच करता येतं. आमच्याच कॉलेजच्या ग्रंथालयात याच्या उलट पद्धत आहे. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेतल्या तर दहा दाखल क्रमांक पडतात, आणि तिसरी प्रत हरवली तर तिसरीच हरवल्याचं कळतं. एकाच इमारतीतल्या या दोन पद्धती इतकी वर्षं शेजारी नांदल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

१९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची, आणि प्रत्येक ओळ ओळखू येईल अशी एक किल्ली तिला द्यायची. ‘पान ४, ओळ ७’ ही किल्ली वस्तूची नाही, कागदाची आहे. नवं रजिस्टर घातलं की पान बदलतं, किल्ली बदलते, पण स्पेक्ट्रोमीटर तोच राहतो.

आपल्याकडच्या ऑफिसांत कॉम्प्युटर आले तेव्हा आधी डीबेस आणि फॉक्सप्रो ही डेटाबेसची सॉफ्टवेअर आली. त्यांचे दोन गुण आजही आठवण्यासारखे आहेत. नोंद भरत असताना लाईट गेली की इंडेक्सची, म्हणजे नोंदी शोधायच्या सूचीची, फाइल बिघडायची. माहिती शाबूत असायची, पण शोधलं की सापडायची नाही. रिइंडेक्स केलं की परत दिसायची. भारनियमनाच्या काळात हा रोजचा उद्योग होता. दुसरं म्हणजे तिथं ‘डिलीट’ केल्यानं नोंद पुसली जात नसे. तिच्यावर फक्त खूण पडायची, आणि ‘पॅक’ हा आदेश दिल्यावरच ती खरोखर जायची. जुन्या भांडारपालांची रीत हीच होती: ओळ खोडायची नाही, लाल शाईनं निर्लेखनाचा आदेश लिहायचा. आजच्या डेटाबेसमध्येही नोंद काढू नये, तिची ‘स्थिती’ बदलावी.

मग मराठीची पाळी आली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नीट रूपांतर न करता चिकटवला की गिचमीड उमटते. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तक्ता जुन्या लॅटिन अक्षरसंचावर राहिला असेल, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठू शकतात, आणि एकदा साठल्यावर मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. बॅकअपच शोधावा लागतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘दोऱ्या’. क्रीडा विभागाच्या या नोंदीतला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: साध्या ‘र’ला हलंत आणि न दिसणारा जोडक लावून, किंवा नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना एक मिळतो, दुसरा नाही. तीच गत आकड्यांची. एकानं क्रमांक मराठी आकड्यांत भरला आणि दुसऱ्यानं इंग्रजी आकड्यांत शोधला, तर साधा शोध दोन्हींना वेगळंच समजतो. म्हणून आम्ही ठरवलं: क्रमांक फक्त इंग्रजी आकड्यांत, वस्तूचं नाव यादीतून निवडायचं, हातानं टाइप करायचं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दहा दिवस खोली-खोलीनं फिरलो. यादी घेऊन वस्तू शोधली नाही. वस्तू पाहून मग यादीत शोधली. अशा मोजणीत यादीत नसलेल्या वस्तूही हाती लागतात. प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक दिला, त्याच्या आधी विभागाची अक्षरं लावली, म्हणजे एक्सेलला तारखेचा भास होणार नाही. खोली, स्थिती आणि कंपनीचा सिरियल नंबर असे तीन नवे रकाने घेतले. क्यूआर कोडचे स्टिकर लावले, पण केमिस्ट्री लॅबमध्ये ॲसिडच्या वाफेनं ते महिन्याभरात सुटले, तेव्हा तिथं पुन्हा ब्रश आणि ऑइलपेंट काढला.

‘जुना क्रमांक’ नावाचाही एक रकाना ठेवला आहे. स्पेक्ट्रोमीटरच्या नोंदीत तिथं पान आणि ओळ आता दोन वेगळ्या चौकटींत आहेत: एकीत ४, दुसरीत ७.